निमित्तबालक

मराठी बालसाहित्याच्या व्यवहाराचे थोडे बारकाईने अवलोकन केल्यास असे आढळते की, या साहित्याची निर्मिती प्रौढ माणसे करतात, प्रकाशन प्रौढ माणसे करतात, परीक्षणे, पुरस्कार आणि खरेदी हीही प्रौढांच्याच हाती असतात, आणि पुस्तक घरी आल्यावर ते प्रथम कोणी वाचावे याचा निर्णय पिशवी धरणाराच करीत असल्यामुळे पहिले वाचनही बहुधा प्रौढाच्याच वाट्याला येते. तरीसुद्धा या सगळ्या व्यवहाराला मुलाच्या नावावाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही, कारण चाळिशी ओलांडलेल्या सुशिक्षित मराठी माणसाला राक्षसाची गोष्ट स्वतःसाठी विकत घेण्याची मुभा समाजाने अद्याप दिलेली नाही. ही मुभा मिळवून देणारे जे मूल, त्याला प्रस्तुत लेखात ‘निमित्तबालक’ असे म्हटले आहे. ज्याच्या नावावर प्रौढ व्यक्ती मुलांचे पुस्तक विकत घेते, वाचते, लिहिते किंवा संपादित करते, असा कोणताही मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी, नातू अथवा अगदीच निरुपाय झाल्यास शेजारच्यांचे शेंडेफळ म्हणजे निमित्तबालक होय. त्याला वाचता यायलाच हवे अशी अट नाही. किंबहुना न येणे अधिक सोयीचे असते.

निमित्तबालकाचा अभ्यास करण्यास पुण्याचा अप्पा बळवंत चौक ही उत्तम जागा आहे. शाळा उघडण्याच्या सुमारास तेथे पाठ्यपुस्तके, व्यवसायमाला आणि गाइडे घेण्यासाठी जी झुंबड उडते, तिच्यात दोन प्रकारची गिऱ्हाइके चटकन ओळखू येतात. पहिला प्रकार सच्च्या पालकाचा. हा पालक गोष्टीचे पुस्तक हातात घेऊन मलपृष्ठ वाचतो, किंमत पाहतो, त्या किमतीला पानांच्या संख्येने मनातल्या मनात भागतो, ‘यातून मुलाला काय शिकायला मिळेल?’ असे दुकानदाराला विचारतो आणि अखेर सामान्यज्ञानाचे किंवा वैदिक गणिताचे पुस्तक घेऊन निघून जातो. दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक काहीच विचारीत नाही, कारण त्याला सगळे ठाऊक असते. ते सरळ भा. रा. भागवतांच्या पुस्तकांपुढे जाऊन उभे राहते, त्यांतील एक उघडून उभ्याउभ्याच दीड प्रकरण वाचते, आणि दुकानदाराने ‘केवढा आहे मुलगा?’ असे सहज विचारताच दचकून ‘भाची आहे’ एवढेच सांगते. भाचीचे वय विचारले असता ‘आठ, म्हणजे नववं लागेल’ असे मोघम उत्तर मिळते. त्या वयाला साजेसे, मोठ्या टाइपातील चित्रांचे पुस्तक पुढे केले असता ते नम्रपणे नाकारले जाते. आणि ‘जुन्या मुखपृष्ठाची आवृत्ती नाही का? तिला तीच हवी आहे’ या वाक्याने प्रकरण उघडकीस येते. आठ वर्षांच्या मुलीला जुन्या मुखपृष्ठाची ओढ असणे संभवत नाही. अनुभवी दुकानदार मात्र अशा वेळी चकार शब्द काढीत नाही. पुस्तक बांधून देताना तो ‘भाचीला आवडेल हं’ एवढेच म्हणतो. ग्रंथविक्रीच्या व्यवसायातील या सौजन्याची दखल आजवर कोणी घेतलेली नाही.

पुढचा टप्पा घरी घडतो. पुस्तकाला प्लॅस्टिकचे वेष्टन चढते, पहिल्या पानावर भाचीचे नाव घालण्यासाठी पेन हातात घेतले जाते, आणि मग ‘ती अजून लहान आहे, फाडून ठेवील, जरा मोठी झाली की देऊ’ या विचाराने पेन पुन्हा खिशात जाते. भाची मोठी होते, इंग्रजी माध्यमात जाते, अभियंता होते, आणि पुस्तक वरच्या फळीवर जसेच्या तसे राहते. जसेच्या तसे म्हणजे अर्थात दरवर्षी दोनदा वाचले जाऊन.

ही चाल अलीकडची आहे असे समजणे चुकीचे ठरेल, कारण मराठी मुद्रित बालसाहित्याच्या जन्माच्या वेळी खोलीत मूल हजर असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या, आणि ते काम करणारे गृहस्थ सखण्णा पंडित हे नावाप्रमाणे पंडित होते. मुंबईत हे कार्य एका मंडळीकडे आले. ‘मंडळी’ म्हणजे येथे जेवणाच्या पंगतीतील मंडळी नव्हे, तर शाळांसाठी देशी भाषांत पुस्तके सिद्ध करण्याकरिता इंग्रजी अमदानीत स्थापन झालेली हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी ही संस्था होय. या संस्थेत काम करणारे सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ हे पुस्तक सिद्ध केले. ते बेर्कें या अठराव्या शतकातील फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी रूपावरून केलेले होते, म्हणजेच मराठी बाळाचा हा पहिला मित्र पॅरिसहून निघून, लंडनला कपडे बदलून, मुंबईच्या एका समितीच्या शिफारशीने दारात आला. एवढे दूर चालून आलेल्या पाहुण्यापुढे मुलांनी शहाण्यासारखे वागावे अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते, आणि त्यानंतरची निदान शंभर वर्षे मराठी बालसाहित्यातील मुलांना पाहुण्यांसमोर बसल्यासारखे बसावे लागले ते याच कारणाने.

पुढे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ चिकाटीने चालविले, तर १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढले. हेच आपटे ‘मराठी शब्दरत्नाकर’ या कोशाचेही कर्ते होते, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. कोश रचणारा माणूस आयुष्यभर अर्थ सांगत असतो, आणि मुलांसाठी मासिक चालविणाऱ्याला महिन्यातून एकदा तरी अर्थ न सांगता राहावे लागते. दिवसभर अर्थ देऊन दमलेल्या माणसाने संध्याकाळी परीकडे वळावे, यात नवल काही नाही.

अर्थ सांगण्याची ही सवय ज्या ठिकाणी साठून राहिली, त्या ठिकाणाला ‘तात्पर्य’ म्हणतात. तात्पर्य म्हणजे गोष्ट संपली तरी लेखक संपलेला नाही, याची सूचना देणारे आणि सहसा ठळक टाइपात छापलेले वाक्य. ते मुलांसाठी असते असा समज रूढ आहे, परंतु मुले ते वाचीत नाहीत. ते असते खरेदी करणाऱ्यासाठी. कोल्हा, सिंह आणि माकड यांच्या सहवासात पाऊण तास मजेत घालविलेल्या प्रौढाला अखेरीस आपण वेळ वाया घालविला नाही, असे लेखी प्रमाणपत्र हवे असते, आणि तात्पर्य ही त्या प्रमाणपत्रावरील मोहोर होय. ज्या गोष्टींना तात्पर्य चिकटत नाही, त्यांच्याबाबतीत मोठ्यांची पंचाईत होते. चिऊकाऊची गोष्ट घराघरांतून सांगितली जाते, तरी तिच्यातील नीतीचा विचार करण्याचे धाडस क्वचितच कोणी केले असेल. कारण पावसात घर वाहून गेलेला शेजारी दार ठोठावीत असताना बाळाची न्हाऊमाखू, पावडर आणि काजळ आटोपल्याखेरीज दार न उघडणारी चिमणी ही आदर्श नागरिक ठरत नाही, आणि घरबांधणीसाठी शेण वापरले एवढ्याच कारणावरून कावळ्याला दोषी धरणे हे ग्रामीण भागातील श्रोत्यांना पटण्यासारखे नाही. मुले या गोष्टीवर खूश असतात. त्यांना दार कधी उघडते याचीच काळजी असते.

तात्पर्याचा थोरला भाऊ म्हणजे प्रश्न. मद्रासेत १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांतून निघालेले आणि पुढे मराठीत ‘चांदोबा’ म्हणून आलेले मासिक ज्यांनी वाचले आहे, त्यांना राजा विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ परिचित आहे. गोष्ट सांगून झाल्यावर तिच्यावरच प्रश्न विचारणारा, उत्तर ठाऊक असून न दिल्यास डोक्याची शकले होतील असा दम देणारा, आणि अचूक उत्तर मिळताच विद्यार्थ्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावणारा हा वेताळ म्हणजे आपल्या परंपरेतील स्वाध्यायाचा आद्य प्रवर्तक मानावा लागेल. संस्कृतातील मूळ गोष्टी पंचवीस. परंतु मासिकाने पंचविसांवर न थांबता नव्या नव्या गोष्टी रचून हे प्रेत दशकानुदशके राजाच्या खांद्यावर ठेवले, आणि एसटी स्थानकावर ‘मुलांसाठी’ म्हणून घेतलेला अंक गाडी सुटायच्या आत वाचून संपविणाऱ्या हजारो गृहस्थांनी त्याबद्दल कधीही तक्रार केली नाही.

लेखकाकडे वळले असता निमित्तबालकाचे स्वरूप पालटते. वाचकाचे निमित्तबालक निदान जिवंत असते. लेखकाचे पुष्कळदा काल्पनिक असते. हे काल्पनिक मूल पहाटे उठते, दुधाला नाही म्हणत नाही, आजोबांना ‘आजोबा, आजोबा, पर्यावरण म्हणजे काय हो?’ असे आपण होऊन विचारते आणि उत्तर दोन पानांचे असले तरी उठून जात नाही. निवृत्तीनंतर लेखणी हाती घेणाऱ्या आणि स्वखर्चाने पुस्तक छापणाऱ्या आजोबांच्या कथांतून या मुलाची भरपूर वस्ती आहे. खरे मूल त्याच वेळी शेजारच्या खोलीत गादीवरून उड्या मारीत असते व ‘जरा शांत बसशील का? मी मुलांसाठी लिहितोय’ या शब्दांत त्याला गप्प केले जाते.

शांततेचा विषय निघालाच आहे, तर असे नमूद करणे भाग आहे की मराठी लेखकाला मनाजोगी शांतता घरापेक्षा तुरुंगात अधिक लाभलेली दिसते. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेला लिहून झाले आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा बराचसा भाग १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात. बेचाळीस रात्रींत विभागलेले हे पुस्तक मुलांसाठी म्हणून आणले जाते आणि मोठ्यांकडून रडले जाते. घरात ते मोठ्याने वाचून दाखविण्याची जी पद्धत आहे, तिच्यात वडिलांचा गळा ठराविक परिच्छेदाला दाटून येतो, ते चष्मा पुसतात, पाणी मागवितात आणि पुढचे वाचन आईकडे सोपवितात. समोर बसलेली मुले मात्र गोष्टीपेक्षा वडिलांकडेच अधिक लक्ष देऊन असतात, कारण वडील कालच्याच जागी रडतात की आज आणखी दोन ओळी पुढे जातात, हे पाहण्यात त्यांना खरा रस असतो.

या सगळ्या दंभातून मुक्त असे एक घर मराठीत होते. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) आणि लीलावती भागवत हे दोघेही मुलांसाठी लिहीत. भा. रां.नी ‘बालमित्र’ नावाचे मासिक काही काळ चालविले, ज्यूल व्हर्नला चंद्रावर आणि पाताळात मराठीतून नेऊन आणले, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे याला जन्म दिला. लीलावतीबाईंनी मुलांसाठी लिहिण्याबरोबरच मुंबई आकाशवाणीवर स्त्रियांचे आणि मुलांचे कार्यक्रम सांभाळले. नवराबायकोंपैकी निदान एकाने तरी मोठे माणूस असावे, म्हणजे विजेचे बिल वेळेवर भरले जाते, अशी समाजाची साधारण अपेक्षा असते. जेथे दोघांचेही लक्ष मुलांच्या गोष्टीकडे, तेथे निमित्तबालकाची गरजच उरत नाही, कारण जोडीदार हाच पहिला वाचक होतो आणि त्याला वयाचा दाखला मागावा लागत नाही. भा. रां.नी बिपिन बुकलवार नावाचा एक पुस्तकवेडा मुलगाही निर्माण केला आहे. पुस्तकवेड्या मुलाविषयीचे पुस्तक पुस्तकवेड्या मुलांसाठी पुस्तकवेड्या माणसाने लिहावे, यात बाहेरच्या कोणाचाच हात लागलेला नाही, आणि म्हणूनच कदाचित त्यात उपदेश शोधावा लागतो.

फास्टर फेणेच्या बाबतीत प्रौढांनी केलेला पराक्रम मात्र सांगितला पाहिजे. सायकल पिटाळणारा, जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा हा किडकिडीत शाळकरी मुलगा वीस पुस्तकांतून संकटांवर संकटे ओढवून घेतो आणि तरीही मोठा होत नाही. वाचक मोठे झाले, त्यांची मुले मोठी झाली, आणि नायक तेवढाच राहिला, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाला सलत असावी. कारण २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा त्यात बनेश तरुण झालेला होता आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी पुण्यात आलेला होता. गुंड, तस्कर आणि चिनी आक्रमण यांनी ज्याच्या केसाला धक्का लावला नाही, त्याला अखेर पालकवर्गाने प्रवेशपरीक्षेला बसविले. त्याच चित्रपटात भा. रा. भागवत हे पात्र दिलीप प्रभावळकरांनी रंगविले, आणि ते अगदी यथायोग्य होते, कारण प्रभावळकर स्वतः ‘बोक्या सातबंडे’चे लेखक असून रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीणही त्यांनी रंगविलेली होती. हे नाटक अलीकडे रंगभूमीवर पुन्हा आले, तेव्हा आईबापांनी मुलांना मांडीवर घेतले होते हे खरे. चेटकीण आल्यावर कोण कोणाला घट्ट धरून बसले होते, हे अंधारामुळे निश्चित सांगता येत नाही.

मतकरींनी मुलांना चेटकीण दिली आणि मोठ्यांना गूढकथा, यावरून लहानांपेक्षा मोठ्यांना घाबरविणे सोपे असते असे अनुमान निघते. अशा दुहेरी संसाराची उदाहरणे मराठीत विपुल आहेत आणि ती सगळीच गमतीची आहेत. ‘काजळमाया’ आणि ‘पिंगळावेळ’ लिहून वाचकांची झोप उडविणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी ‘बखर बिम्मची’ लिहिली, आणि ती वाचल्यावर हा गृहस्थ एरवी इतका काळोखात का बसतो, असा प्रश्न कोणालाही पडावा. ‘घाशीराम कोतवाल’ लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी ‘इथे बाळे मिळतात’ आणि ‘चिमणा बांधतो बंगला’ ही बालनाट्ये लिहिली. विंदा करंदीकर हे तर तत्त्वज्ञांवर ‘अष्टदर्शने’ लिहिणारे, २००३ च्या ज्ञानपीठाचे मानकरी. त्यांनी एटू नावाच्या लोकांचा एक अख्खा देश वसविला, आणि तेथील कारभार अनेक खऱ्या देशांपेक्षा तर्कशुद्ध आहे. या लेखकांना निमित्तबालकाची आठवण लिहिताना झाली असेल असे त्यांच्या पुस्तकांवरून वाटत नाही. मुलांसाठी लिहिताना गुडघे टेकून बसावे लागते, असा एक गैरसमज आहे. ही मंडळी बसलीच नाहीत. ती तेवढ्याच उंचीची होती, आणि मोठ्यांसाठी लिहिताना टाचा उंचावीत असावीत.

केवळ मुलांसाठीच लिहिणाऱ्या लेखकाची सामाजिक स्थिती याहून अवघड आहे. लग्नसमारंभात त्याची ओळख ‘हे लेखक आहेत’ अशी करून दिली जाते, समोरची व्यक्ती आदराने पुढे सरकते, ‘काय लिहिता?’ असे विचारते, ‘मुलांसाठी’ हे उत्तर ऐकून ‘छान, छान’ म्हणते, आणि क्षणभर थांबून ‘आणि बाकी?’ असे विचारते. या ‘बाकी’मध्ये कादंबरी, वैचारिक लेखन आणि शक्य असल्यास बँकेतील नोकरी यांचा समावेश होतो. बालरोगतज्ज्ञाला मोठ्या माणसांवर उपचार केव्हा सुरू करणार, असे कोणी विचारीत नाही. दिवाळी अंकाचे संपादक त्याला गणपतीच्या आधी दूरध्वनी करतात तोही ‘एखादी छोटीशी गोष्ट द्या, मुलांसाठीच आहे, पटकन होईल’ असा, आणि गोष्ट झाल्यावर मानधनाच्या जागी अंकाची एक प्रत ‘सप्रेम भेट’ म्हणून येते. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार एक लाख रुपयांचा, तर २०१० पासून दिला जाणारा बालसाहित्य पुरस्कार पन्नास हजारांचा आहे. एसटीत बारा वर्षांखालील प्रवाशाला अर्धे तिकीट असते, त्याच न्यायाने हा आकडा ठरला असावा, फरक एवढाच की तेथे सूट प्रवाशाला मिळते आणि येथे वाहकाला कापून घ्यावी लागते.

त्यात पुन्हा वयोगटांचे नियम असतात. नवशिक्या वाचकांसाठीचे पुस्तक जोडाक्षरविरहित असावे, असा एक संकेत शिक्षणक्षेत्रात आहे. जोडाक्षर म्हणजे दोन व्यंजनांचा संयोग, आणि तो नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला जड जातो, म्हणून तो टाळावयाचा, हे तत्त्व सयुक्तिक आहे. परंतु ते अमलात आणू पाहणाऱ्या लेखकाच्या असे लक्षात येते की या सृष्टीत ससा, बदक, कासव आणि उंदीर मुक्तपणे फिरू शकत असले, तरी राक्षस येऊ शकत नाही, चंद्र उगवू शकत नाही, कुत्रा भुंकण्यापूर्वीच बाद होतो, आणि पुस्तकात पुस्तक किंवा गोष्टीत गोष्ट हा शब्दही घालता येत नाही. नात्यांच्या बाबतीत तर घोर अन्याय होतो. आई, बाबा, मामा, काका, मावशी, आजी, आजोबा या सर्वांना प्रवेश आहे, आत्याला नाही. मराठी घरांतील आत्यांनी ही बाब अद्याप मनावर घेतलेली नाही, हे सुदैव. अशा निर्बंधांतही जी चांगली पुस्तके होतात, त्यांचे श्रेय निम्मे चित्रकाराचे असते, आणि माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका चित्रेही स्वतःच काढतात तेव्हा वाटणीचा प्रश्नच मिटतो. त्यांच्या यश, राधा आणि इतर मुलांच्या घरांत डबे, चपला, वाळत घातलेले कपडे आणि वैतागलेले आईबाप सर्व काही जागच्या जागी असते, म्हणून ही पुस्तके मुलाला वाचून दाखविणारे पालक मध्येच ‘आपल्याकडेही अगदी असंच आहे’ असे एकमेकांना सांगत बसतात व मुलाला पान उलटण्यासाठी त्यांचा हात धरून हलवावा लागतो.

बालसाहित्यविषयक संमेलनांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तेथे मुले असतात, गणवेशात असतात, सकाळपासून असतात, आणि ‘आजची मुले वाचत नाहीत’ हे भाषण त्यांनाच ऐकविले जाते.

खरे मूल या सगळ्या उठाठेवीकडे निर्विकारपणे पाहते, कारण त्याच्या वाचनाचे कायदे निराळे असतात. प्रौढाला नवे पुस्तक हवे असते, तर मुलाला कालचेच; प्रौढ शेवट ठाऊक झाल्यावर पुस्तक मिटतो, तर मूल शेवट ठाऊक झाल्यावरच ते नीट ऐकू लागते. रात्री अकरा वाजता डुलक्या घेत वाचणाऱ्या बापाने मधला परिच्छेद गाळला, तर चोरी जागीच पकडली जाते आणि वाचन मागच्या पानापासून सुरू करावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयातून दिवसाला एकच पुस्तक बदलून मिळेल, हा नियम ज्या कोणी केला त्यांनी मुलांचा विचार केलेला नसावा, कारण घरी पोचेपर्यंत रस्त्यातच पुस्तक संपवून त्याच पावली परत फिरलेल्या मुलांशी हुज्जत घालण्यात अनेक ग्रंथपालांच्या दुपारी गेल्या आहेत. हीच मुले पुढे चाळिशीची होतात आणि भाचीच्या नावावर खरेदी करू लागतात.

या चाळिशीतल्या मुलांचा सर्वांत हळवा कप्पा म्हणजे सोव्हिएत पुस्तके. मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनगृहांनी मराठीत छापून पाठविलेली, जाड कागदाची, देखण्या चित्रांची आणि अत्यंत स्वस्त अशी ही पुस्तके महाराष्ट्रातील प्रदर्शनांतून विकली जात. त्यामुळे जेथे पारा चाळिसाच्या वर जातो, अशा विदर्भ-मराठवाड्यातील मुलांनाही स्लेज, समोवार आणि गुडघाभर बर्फ यांची माहिती आपल्या तालुक्यापेक्षा जास्त होती. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि पुस्तके थांबली. एका महासत्तेच्या विघटनाने जगाच्या राजकारणाचा तोल कसा ढळला, यावर पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. मराठी वाचकांच्या एका वर्गाला मात्र त्या घटनेचे दुःख झाले ते निव्वळ अस्वलांच्या गोष्टी बंद पडल्यामुळे. आज रद्दीच्या दुकानात असे एखादे पुस्तक सापडले, तर मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून ते उचलणारे गृहस्थ घरी गेल्यावर खरी किंमत सांगत नाहीत, आणि विचारलेच तर ‘मुलांसाठी आणलंय’ हे उत्तर तयार असते.

परदेशस्थ नातवंडांनी या प्रेमाला नवे क्षेत्र मिळवून दिले आहे. अमेरिकेत मराठी मंडळांच्या शाळा चालतात, तेथे नातवंडे शनिवार-रविवारी बाराखडी गिरवितात, आणि त्यांना भेटायला निघालेल्या आजीआजोबांच्या बॅगेत पुस्तके भरली जातात. विमान कंपनी एका बॅगेला साधारण तेवीस किलो देते. या तेवीस किलोंत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि वीस पुस्तकांचा फास्टर फेणे यांच्यात जी चढाओढ लागते, तिच्यात आजीचा कौल एका बाजूला आणि आजोबांचा दुसऱ्या बाजूला पडतो. काटा पुढे सरकला की मेतकूट बाहेर निघते, पुन्हा आत जाते, फेणेचे दोन भाग आजोबांच्या कोटाच्या खिशात शिरतात, आणि न्यू जर्सीला पोचल्यावर असे निष्पन्न होते की नातवाला मराठी समजते, बोलता येते, परंतु वाचता येत नाही. हे कळल्यावर आजोबांना जो खेद व्हायला हवा तो होत नाही. वाचून कोणीतरी दाखविलेच पाहिजे, हे ओघाने येते, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामात वीसच्या वीस भाग मोठ्याने वाचण्याचा अधिकृत परवाना त्यांना मिळतो.

ज्यांना असा नातू लाभत नाही, त्यांची अवस्था बिकट होते. भाचरे मोठी झालेली, मुले परगावी, आणि शेजारच्या ब्लॉकमधील शेंडेफळही दहावीला गेलेले, अशा परिस्थितीत दुकानात जाऊन कोणाचे नाव सांगावे, हा प्रश्न उभा राहतो. काही जण वाचनालयाला देणगी म्हणून पुस्तके घेतात आणि देण्यापूर्वी तपासून पाहतात. काही जण सोसायटीत मुलांसाठी वाचनकट्टा सुरू करतात, खाली सतरंजी घालतात, पुस्तके मांडतात, आणि एकही मूल न आल्यास निराश न होता आपणच मांडी ठोकून वाचीत बसतात. क्वचित एखादा मुलगा खरोखरच येतो, पाने चाळतो, आणि ‘काका, हे मी घरी नेऊ?’ असे विचारतो. तेव्हा काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. ते पुस्तक हळूच त्याच्या हातातून काढून घेतात, धूळ नसताना झटकतात, आणि हे आपण नातवासाठी राखून ठेवले आहे, असे सांगतात; त्या नातवाच्या आईवडिलांच्या पत्रिका अजून जुळायच्या असतात.